ताट बघणाऱ्या आक्का

आक्का माणसाच्या तोंडाकडं आधी बघायच्याच नाहीत. आधी ताट. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, मानसोपचाराच्या वॉर्डात जेवण वाढायचं काम त्यांच्याकडं होतं. पण वाढण्यापेक्षा उष्टी ताटं उचलण्यात त्यांचा जीव जास्त. कुणी भात ठेवला, कुणी नुसती भाजी चिवडली, कुणी शेजाऱ्याची भाकरी पळवली, सगळं ध्यानात. "डाक्टर डोकं बघत्यात, मी ताट बघते," असं ठसक्यात सांगायच्या.

आम्हा पेशंटांना त्या पावणं म्हणायच्या. एकदा कुणाचा तरी मेव्हणा म्हणाला, "ह्यांना काय कळतंय, गार द्या नाहीतर गरम द्या." आक्का पळी घेऊनच त्याच्याकडं वळल्या. "डोस्कं बिघडलं म्हणून जीभ बी बिघडती व्हय? गार आमटी तुम्ही खाऊन दावा की!" गड्यानं परत वॉर्डात पाऊल ठेवलं नाही.

गोळ्यांनी कुणाला खा खा सुटायची, कुणाचं पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. पहिल्याला आक्का आधी तांब्याभर पाणी नि काकडी द्यायच्या, मग भाकरी. दुसऱ्याला पालेभाजी, ताक आणि अंगणातल्या कडुलिंबाभोवती चकरा. वॉर्डातला वजनकाटा बिघडला तेव्हा त्यांनी आम्हाला रांगेनं स्वयंपाकघरात नेलं आणि धान्याच्या काट्यावर एकेकाला उभं केलं, गुळाची ढेप तोलावी तसं. आम्ही खिदळत होतो. माझं वजन बघून त्या मात्र हसल्या नाहीत.

मी जेवण सोडलं होतं. पेठ वडगावात माझं कापडाचं दुकान. डोकं फिरलं तसं घरच्यांनी 'पुण्याला कामाला गेलाय' असं गल्लीत सांगून मला गुपचूप इथं आणलं. "भाकरीत खिळे घातलेत," म्हणून मी बोंबलायचो आणि ताट ढकलून द्यायचो. फायलीत 'भास' असं लिहिलं गेलं. डॉक्टरांचं तरी काय चुकलं? मला कानात माणसं बोलताना ऐकू येत होती, आणि खिळ्यांवर माझा स्वतःचाही पक्का विश्वास होता. आता नाकातून नळी घालून अन्न द्यायचं ठरत होतं. भिंत धरल्याशिवाय मला उभंसुद्धा राहता येत नव्हतं.

दोन दिवस आक्का माझ्यासमोर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची फेरी आली तशा त्यांना आडव्या आल्या. "ह्यो पावणा भाकरी ठेवतोय आन् कोमट आमटी पितोय. ती बी मान डावीकडं कलती करून. नुसतं मनाचंच असतं तर मान कशापायी कलती केली असती?"

डॉक्टर तरुण होते. "आक्का, त्यांना भास होतात," ते म्हणाले.

"भास हुत्यात म्हणून दाढ किडत न्हाय व्हय?"

डॉक्टरांनी खिशातली बॅटरी काढली आणि मला तोंड उघडायला लावलं. उजवीकडची शेवटची दाढ सडून आत पू झाला होता. भाकरी चावताना खिळे टोचायचे ते तिथंच. दातांच्या डॉक्टरांनी औषध देऊन सूज उतरवली आणि मग ती काढली. दोन-तीन दिवसांनी आक्कांनी दुधात कुस्करलेली भाकरी पुढ्यात ठेवली. मी वाटी चाटून पुसून खाल्ली. त्या लगेच आणखी एक भाकरी आणायला गेल्या.

दाढ गेली म्हणून डोकं लगेच ताळ्यावर आलं नाही. त्याला पुढं दोन महिने लागले, आणि गोळ्या तर आजही चालू आहेत. पण त्या फेरीनंतर ते डॉक्टर प्रत्येकाला आधी "कुठं दुखतंय का?" विचारायला लागले, आणि नव्या पेशंटाचं तोंडही बघून ठेवायला लागले. घरी आल्यावर मी दुकान पुन्हा उघडलं. पुण्याची थाप मात्र तशीच चालू ठेवली. बायकोच्या माहेरीसुद्धा.

बारा वर्षांनी, यंदा, आक्का गेल्याचं कळलं. कोडोलीला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. दारात त्यांचा मुलगा पांढऱ्या सदऱ्यात उभा. घर माणसांनी भरलेलं, त्यात वडगावातली माझी दोन गिऱ्हाइकंही बसलेली. "पावणं, आईची वळख कुठली?" त्यानं विचारलं.

नेहमीसारखी काहीतरी थाप ओठावर आली होती. पण त्या बाईच्या दारात उभं राहून खोटं बोलायचं, हे काही मला जमेना. मी म्हणालो, "मी त्यांच्या वॉर्डात होतो. डोक्याचा पेशंट म्हणून. जेवत नव्हतो."

मुलगा पुढं आला. "दाढवालं तुम्हीच व्हय?" त्यानं माझा हात धरला आणि आत वळून मोठ्यानं सांगितलं, "अरं, आई सांगायची त्ये पावणं आलं! समदी येडं म्हणत हुती, आन् ह्यो मानूस खरं बोलत हुता!"

बारा वर्षं जे मी तोंड लपवून दडवलं, ते या घरात कौतुकानं सांगितलं जात होतं. मी उंबऱ्यावरच खाली बसलो आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.