पेवातली ज्वारी

रोज सकाळी साडेदहाला सरजाबाई जवळची वाट सोडायची आणि व्यंकटरावांच्या दारावरून शाळेत जायची. पायात टाचेच्या चपला. फरशीचा तुकडा आला की पाऊल मुद्दाम जोरात टाकायची. याच दारासमोरून तिची आई पारूबाई चपला हातात घेऊन गेलेली तिनं पाहिली होती. ओसरीवर बसलेले व्यंकटराव आवाज ऐकून मान वर करीत. सरजाबाई नमस्कार करायची, हसायची नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा सगळे मास्तर शहराच्या आसपास शाळा मिळावी म्हणून कचेरीत खेटे घालत होते. सरजाबाईनं अर्ज केला तो जळकोटजवळच्या याच गावासाठी. कारकुनानं दोनदा विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "माझं गाव हाय."

गाव तिचं होतं, पण गावानं तिला ठेवलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. पारूबाई व्यंकटरावांकडं राबायची. नवरात्रात त्यांच्या घटासाठी काळी माती तिनंच शेतातून आणून दाराशी ठेवली. नऊ दिवस पाणी घातलं, पण घट उगवला नाही. एक कोंब नाही. व्यंकटराव चावडीवर म्हणाले, "तिच्या हातची माती. दुसरं काय असणार?" त्या शब्दानंतर पारूबाईला कुणी खुरपायला बोलावलं नाही. मायलेकी खडी फोडत फोडत उमरीला मामाच्या आसऱ्याला गेल्या.

सरजाबाई नांदेडला शिकली, मास्तरीण झाली. तिथंच एका तासाला ओल्या फडक्यात बी रुजवताना तिला एक गोष्ट आठवली आणि हातातलं फडकं पडलं. त्या नवरात्राच्या आदल्या दिवशी व्यंकटरावांचं पेव उघडलं होतं. जमिनीखालच्या त्या कोठारात चार वर्षं कोंडून तापलेली ज्वारी. ती खायला चालते, तिला वास असतो आणि ती उगवत नाही. पेवातून वर येणाऱ्या टोपल्या आईनंच धरल्या होत्या.

सरजाबाई आईला घेऊन गावात परतली, त्यानंतर शहाऐंशी साली पुन्हा पाऊस गेला. गावात टँकर येऊ लागला. व्यंकटराव शाळा समितीचे अध्यक्ष होते आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. सरजाबाईनं सातवीच्या वर्गात कुंभाराकडची वीस बोळकी मांडली.

"घट उगवला न्हाई, तर कशामुळं?" तिनं मुलांना विचारलं.

"माती." "पाणी." "ऊन." "बी." आणि मागून कुणीतरी दबक्या आवाजात, "हात."

"हातबी लिहा," ती म्हणाली. "आता ऐका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं सारखं ठेवायचं. दोन गोष्टी बदलल्या तर कुणी घात केला ते कळत न्हाई."

माती एकाच शेतातली चाळून घेतली. पाणी टँकरचं, शाईच्या बाटलीच्या टोपणानं मोजून, रोज दोन टोपणं. बोळकी एकाच खिडकीत. आणि पेरणारे हात दोन. व्यंकटरावांचे आणि पारूबाईचे.

व्यंकटरावांना बोलवायला ती स्वतः गेली. "मालक, तुमच्या हाताला यश हाय. सुरुवात तुम्ही करा." व्यंकटराव खुशीत आले. टोपी घालून, दोन माणसं बरोबर घेऊन आले. "बाई, शेतात कुसळ न्हाई आन् तुम्ही शाळेत पेरणी करून राहिलात!" सगळे हसले. पारूबाई दाराबाहेर उभी होती. सरजाबाईनं तिला आत घेतलं, खुर्ची दिली. आई बसली नाही.

टेबलावर दोन वाट्या होत्या. व्यंकटरावांपुढं ठेवलेल्या वाटीत त्यांच्याच पेवातली, बाजारातून शेरभर आणलेली ज्वारी. आईपुढच्या वाटीत राखेत जपलेलं बियाणं. नऊ दिवसांनी मालकाची दहा बोळकी बोडकी आणि आईची हिरवी दिसणार होती. मग ती गावादेखत विचारणार होती, आता कुणाला हाकलायचं? नांदेडपासून हाच प्रश्न तिनं तोंडात घोळवला होता.

वाट्या सरकवायला गिरणीवाल्या जिलानीची गौसिया पुढं आली. थांबली. एक वाटी नाकाला लावली, मग दुसरी.

"बाई, ही पेवातली हाय. ही न्हाई."

"गप पेर," सरजाबाई म्हणाली.

"पर दोन गोष्टी बदलल्या की, बाई. हात आन् बी, दोन्हीबी. मग कळायचं कसं?"

व्यंकटरावांनी भुवई वर केली. सरजाबाईला त्या पोरीचा राग आला, आणि लगेच कळलं की हे आपणच शिकवलंय.

"मग काय करावं म्हणतीस?" तिनं शेवटी विचारलं.

"दोघांनीबी दोन्ही पेरावी. पाच पाच."

तसंच केलं. चार रांगा झाल्या. मुलांनी प्रत्येक बोळक्यावर खडूनं नाव लिहिलं.

दहाव्या दिवशी अर्धं गाव व्हरांड्यात होतं. बियाण्याच्या दोन्ही रांगा वीतभर हिरव्या होत्या, मालकाच्या हातच्या आणि पारूबाईच्या हातच्याही. पेवातल्या ज्वारीच्या दोन्ही रांगा काळ्याभोर मातीच्या. व्यंकटरावच आधी हसले.

"ह्यात काय मोठं शिकवलं, बाई? पेवातली ज्वारी उगवत नसती. शेंबडं पोरगंबी सांगंल."

सरजाबाई तोंड उघडणार, तोच पारूबाई पुढं झाली. डोक्यावरचा पदर तिनं हातानं घट्ट धरला होता.

"मग बहात्तरला घटात पेवातलीच व्हती की, मालक. टोपलं म्याच वर घेतलं व्हतं. बियाणं तर तुम्ही उदगीरच्या बाजारात धाडलं व्हतं, चढ्या भावानं."

व्यंकटरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. त्यांच्याबरोबरची माणसं बोळक्यांकडं बघत राहिली. 'चुकलं' हा एक शब्द सरजाबाईला हवा होता. तो आला नाही. व्यंकटराव उठून चालू लागले आणि वाट देताना कुणी खाली वाकलं नाही. तिला वाटलं होतं तितकं गोड लागलं नाही ते. पण लागलं.

तीन आठवड्यांत बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, औशाकडं. सरजाबाईनं तो दोनदा वाचला. "मालकाच्या जिव्हारी लागलं," ती म्हणाली आणि ट्रंक भरू लागली.

पारूबाईनं मात्र गाठोडं बांधलं नाही. "म्या न्हाई येत."

"इथं एकटी काय करशील?"

"तवा माझी चूक हाय असं वाटून गेले, सरजे. आता कशापायी जाऊ? परवा मलप्पाच्या बायकोनं खुरपायला बोलावलंय."

एसटी आली. गौसिया आणि दहा-बारा पोरं ट्रंकेला हात लावायला धावली. सरजाबाई पायरीवर चढली, मागं वळली आणि आईला ओरडून म्हणाली,

"रॉकेलचा डबा माळ्यावर हाय. तू चढू नको, कुणाला तरी काढायला सांग."