दोन डाव्या बाह्या

कोटांच्या कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. चाळीस वर्षं एकाच टेबलाशी उभं राहून कापड कापलं, तेव्हा कुठे ही पदवी मिळाली होती. आता ती आपणहून काम सोडत होती. का, ते सांगत नव्हती. "घरचं बघायचंय," एवढंच म्हणायची. घरी बघण्यासारखं होतं कोण? एक थोरली बहीण, आणि तीच अजून कात्रीबाईला रागे भरायची.

शनिवार शेवटचा दिवस. आपल्या जागेवरचं माणूस तिनेच निवडायचं होतं, आणि सकाळपासून तिने दोघांना वाटेला लावलं होतं. पहिल्याने कंपनीच्या पुढच्या पाच वर्षांबद्दल विचारलं. "पाठ करून आलाय," ती म्हणाली. दुसरीने सुट्ट्या विचारल्या. सुट्ट्या विचारण्यात वावगं काही नाही, असं एरवी तीच सगळ्यांना सांगायची, पण आज तिला खुसपटच काढायचं होतं.

"बाई, तुम्हाला कुणीच पटणार नाही," धाकटे मालक म्हणाले. तिने त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे तिच्याशी ते जपूनच बोलत. "अजून एक बाई यायच्या आहेत. मी म्हणतो, तुम्हीच राहा ना."

तिने पायाशी ठेवलेली पिशवी आणखी जवळ ओढली. गेले तीन आठवडे ती त्या पिशवीला कुणाला हात लावू देत नव्हती.

वाट बघताना तिची नजर टेबलाच्या खालच्या खणाकडे गेली आणि तिला आपली स्वतःची मुलाखत आठवली. वय एकोणीस. पायात ताईच्या चपला, एक नंबर मोठ्या. ताईने बजावून पाठवलं होतं, "शेवटी विचारतील, काही विचारायचंय का. नाही म्हणायचं आणि उठायचं. जास्त शहाणपणा नको." तेव्हा कापणीचं सगळं काम बघणाऱ्या मोठ्या मास्तरांनी, गळ्यात टेप तसाच ठेवून, शेवटी ते विचारलंच. तिने "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"कापताना चुकलं, तर इथे काय करतात?"

त्याला कारण होतं. चारच दिवसांपूर्वी तिने बाबांच्या कोटाचं कापड घरी कापलं होतं. ज्या कापडाला सुलट-उलट असते, त्यावर दुसरी बाही आखताना कागदी नमुना पालथा करून ठेवायचा असतो. ती विसरली आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी कापड घडी करून कपाटात ठेवलं आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

मास्तर उठले आणि त्यांनी खालचा खण ओढला. आत नुसते चुकलेले तुकडे, आणि प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी: नाव, तारीख, काय चुकलं. तळाशी मास्तरांच्या स्वतःच्या नावाची एक कॉलर होती, चार बोटं आखूड.

"चुकलं की इथे ठेवायचं," ते म्हणाले. "चिठ्ठी लावायची, ओरडा खायचा आणि नवं कापड मागायचं. झाकणाऱ्याला मी ठेवत नाही. उद्यापासून ये."

काय दिवस होते ते. खडूने पांढरी झालेली बोटं तशीच पुसून सगळे एकाच टेबलावर डबे उघडायचे, आणि काम कमी असलं की कुणीतरी खणातल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचं. ज्याची चिठ्ठी तोच जास्त हसायचा. तिच्या नावाच्या चौदा होत्या. मास्तर जाऊनही आता वीस वर्षं होत आली, पण कात्री हातात घेतली की तिला अजून त्यांची आठवण यायची.

तिसरी उमेदवार आली. तिशी उलटलेली, हात सफाईने चालणारा. दाखवलेलं कापड तिने बोटांनी चाचपलं, सुलट बाजू ओळखली आणि मगच खडू उचलला. खुसपट काढायला जागाच नव्हती.

"काही विचारायचंय?" मालकांनी विचारलं.

"हो," ती कात्रीबाईकडे वळली. "तुम्ही ही जागा का सोडताय?"

मालक खाकरले. "त्यांना घरचं—"

"राग मानू नका," ती म्हणाली. "पण उद्या इथे मला उभं राहायचंय. मला माहीत असायला हवं."

कात्रीबाईच्याही ओठांवर घरचंच आलं होतं. ते तिने गिळलं. वाकून पिशवी उघडली, डब्याखालून काळ्या कापडाच्या दोन बाह्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही डाव्या.

"काळ्या कापडाची सुलट बाजू मला आता कळत नाही," ती म्हणाली. "नजर गेलीय आणि बोटंही फसतात. तीन आठवड्यांपूर्वी ह्या कापल्या आणि गुपचूप दुसरं कापड घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा झाकलं. मास्तरांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. ते नाहीत, म्हणून मीच जातेय."

मालकांनी उठून खण ओढून दिला. तिने एक चिठ्ठी घेतली, अंदाजाने आपलं नाव लिहिलं. ओळ तिरकी गेली. मग तिने पेन समोरच्या बाईपुढे धरलं.

"बाकीचं तू लिही, बाळ," ती म्हणाली. "आणि टाचणीही तूच लाव. मला ती दिसत नाही."