शिवल्या, आई आणि उच्च शिक्षणमंत्री

मी खाडीतल्या शिवल्यांवर पीएच.डी. करत होते. देवबागच्या बाजूला वाळूत या शिंपल्या कधी मांसाने भरतात आणि मध्येच का मरतात, ते मला शोधायचं होतं. पण ओहोटीला नेमका कुठल्या पट्ट्यात हात घालायचा, हे आईला माहीत. लग्न झाल्यापासून ती शिवल्या काढून बाजारात विकायची.

तिसऱ्या वर्षी माझे मार्गदर्शक निवृत्त झाले. या विषयाचा दुसरा मार्गदर्शक जिल्ह्यात नव्हता. विद्यापीठाने कळवलं, सहा महिन्यांत नवा मिळाला नाही तर नोंदणी रद्द. मी अर्ज केले, फेऱ्या मारल्या, आणि शेवटी वह्या बांधून माळ्यावर ठेवायचं मनाशी ठरवलं.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला उच्च शिक्षणमंत्री आले. प्राचार्यांनी मला नमुन्यांच्या टेबलापाशी उभं केलं होतं. मंत्र्यांनी एक शिंपली उचलली आणि नमुने कुठून घ्यायचे ते कसं ठरवता, असं विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर विसरले. म्हटलं, "आई सांगते."

आई कुठे आहे, त्यांनी विचारलं. सकाळच्या ओहोटीच्या ताज्या शिवल्या घेऊन ती आली होती आणि बादली घेऊन दाराबाहेर उभी होती. पदर ओला होता, आत यायला तयार नव्हती. मंत्रीच बाहेर गेले. आईने वाळूचा रंग आणि पाण्याचा खारटपणा यांबद्दल सांगितलं. मग कुणी न विचारताच म्हणाली, "साहेब, ह्या माझ्या चेडवाक गाईड गावाक नाय, म्हणान सगळा काम थांबला आसा. तुमी काय करशात?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मंत्री मात्र शांतपणे म्हणाले, "विद्यापीठाला हुकूम द्यायचा अधिकार मला नाही, आई. पण असं किती मुलांचं अडलंय, हे विचारायचा आहे. ते मी विचारतो."

पाहुणे असं बोलतातच, असं मी घरी आईला समजावलं. पण पंधरा दिवसांनी त्यांच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी माझी सगळी कागदपत्रं मागवली, तारखा तपासल्या, एक चुकलेली होती तीही दाखवून दिली. पुढे विद्यापीठाचं परिपत्रक निघालं: जिल्ह्यात मार्गदर्शक नसेल तर दुसऱ्या जिल्ह्यातला चालेल, भेटी ऑनलाइन घेतल्या तरी चालतील. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं, पण मला दुसऱ्या जिल्ह्यातला मार्गदर्शक मिळाला. कसालच्या एका मुलाचं आणि बांद्याच्या एका शिक्षिकेचं थांबलेलं कामही त्यामुळे सुरू झालं, हे मला नंतर कळलं.

माझा प्रबंध पूर्ण झाला तेव्हा ते मंत्रिपदावर राहिले नव्हते. मी जुन्या पत्त्यावर एक प्रत पाठवली. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. प्रश्न विचारल्याबद्दल आईचे आभार मानले होते. मी ते तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "आणि त्या फोनवाल्या बायेक पाठवलंस?"

मी त्यांना प्रत पाठवली नव्हती. दुसऱ्या दिवशी एक प्रत त्या बाईंच्या नावाने टपालात टाकली. पहिल्या पानावर आईने स्वतःच्या हाताने सही केली.