फोटोभोवतीची निळी किनार

"बोट चुकत न्हाई, काका." स्टुडिओच्या ॲपबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार आली की ते बनवणारी मुलगी एवढेच म्हणे आणि चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाकाजवळ धरी. माझे मत वेगळे होते. आष्टीत मी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला आहे. लोकांची बोटे चुकतात. एका गृहस्थाने लग्नाच्या अल्बमसाठी केवळ पंगतीचे फोटो निवडले. तिने त्यातही ॲपचाच दोष शोधला. शेवटी गृहस्थच म्हणाले, दोष नाही, जेवण उत्तम झाले होते.

आमच्याच गल्लीतल्या शिक्षकांची ती मुलगी. संगणकाचे शिक्षण संपवून घरी आली होती, नोकरी शोधत होती. तोवर तिने माझ्या स्टुडिओसाठी ॲप तयार केले. लग्नाचे सगळे फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर लहान लहान चौकटींत दिसत. आवडलेल्या फोटोवर बोट ठेवले की त्याभोवती निळी किनार येई; पुन्हा ठेवले की निवड रद्द. निवडलेले फोटो अल्बमात जात. तुम्हीही असे काही वापरले असेल.

वाटूरच्या एका आजींच्या नातीचे लग्न मी टिपले होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आजोबा वारले. त्यांचा अखेरचा फोटो त्या लग्नातलाच: पांढरा सदरा, बुद्धमूर्तीसमोर जोडलेले हात. फोटो निवडण्याचे काम आजींनी हट्टाने स्वतःकडे घेतले. छपाईआधी मी अल्बमचा नमुना पाठवला आणि त्यांचा फोन आला.

"भाऊ, ह्याच्यात आमचे मालक न्हाईत."

तुम्ही तो फोटो निवडलाच नाही, असे मी सांगितले.

"म्या तर कितींदा दाबलं," त्या म्हणाल्या.

तेवढा फोटो घालून अल्बम छपाईला धाडावा, असे मी ठरवले. शिक्षकांच्या मुलीने अडवले, लग्नसराईतले बाकीचे अल्बमही थांबवा म्हणाली. मी चिडलो. एका म्हातारीच्या बोटापायी धंदा बंद ठेवू काय, असे विचारले. ती दुपारच्या एसटीने वाटूरला गेली आणि आजींच्या शेजारी बसून त्यांना फोटो निवडताना पाहून आली.

उतरल्या चेहऱ्याने परतली. "आजी सारख्या परत वर येऊन राह्यल्या, काका."

मग तिने समजावले. आम्ही सारे ॲप तपासताना निवडत खाली जात होतो. परत कोणी फिरले नव्हते. आजी थोड्या खाली गेल्या की आजोबांना पाहायला वर येत. ॲपकडे पडद्यावर मावतील तेवढ्याच चौकटी असतात. वर नाहीशी झालेली चौकट खाली नव्या फोटोला मिळते. तिने किनार चौकटीला बांधली होती, फोटोला नव्हे. चौकट जाई तिकडे किनार जाई. वर आल्यावर आजींना आजोबा किनारीविना दिसत. त्या पुन्हा दाबत, आणि झालेली निवड रद्द होई.

"बोट बराबर होतं," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

निवड फोटोच्या नावावर नोंदली जातच होती; तिने किनार तिला जोडली. कुठलीही चौकट समोर आली की तिच्यातला फोटो निवडलेला आहे की नाही हे आधी पाहायचे, मगच किनार द्यायची किंवा काढायची, अशी व्यवस्था केली. थांबवलेले अल्बम तपासले तेव्हा आणखीही काही घरांची माणसे सुटलेली निघाली.  मी छपाई थांबवूनच ठेवली.

त्याच सुमारास तिला पुण्यात नोकरी लागली. आजींनी एकदा पाहिल्याशिवाय छापू नका, एवढे बजावून ती गेली. तिची खुर्ची अजून तिथेच आहे. जागा अडते, अडू दे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आजी स्टुडिओत आल्या. जिभेला बोट लावून, पुस्तकाची पाने उलटावीत तसे फोटो सरकवू लागल्या. मी समोर बसून राहिलो. संध्याकाळी पुण्याला फोन लावला.

"परत वर आल्या का त्या?" तिने विचारले.

"आल्या."

"मंग?"

"दाबलं नाही. नुसतं बघत बसल्या."



"छापा, काका," ती म्हणाली.