बिल्कीस आपांचा अडखळलेला आवाज

पनवेलच्या मोहल्ल्यात बिल्कीस आपांना पोरंच काय, पोरांचे बापही वचकून असत. उर्दू शाळेत शिकवण्यात त्यांची हयात गेली. वर्गात कुणी घरची कोकणी बोललं की हातावर पट्टी बसे. "मासळीबाजार आहे का हा? साफ जबान में बोलो!" स्वतःच्या आईशीही त्या पुढे उर्दूतच बोलू लागल्या होत्या.

त्यांचा भाऊ अय्यूब. त्याच्या मुलीनं, हिबानं, मोहल्ल्यातून विरत चाललेली ती कोकणी बोली रेकॉर्ड केली आणि जमातखान्याच्या हॉलमध्ये आवाजांचं प्रदर्शन मांडलं. छताला काळे स्पीकर टांगलेले, प्रत्येकातून एकेका बाईचा आवाज. भावाचा मान राखायला आपा गेल्या आणि एका स्पीकरखाली थबकल्या. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा, महेकचा आवाज होता.

"मना पानी पायजे, इतकंच बोलली. आपानी बोटं सुजवली. माज्या पोरांशी मी कोकनी बोलतच नाय."

आजूबाजूच्या बायका ओढण्या सावरू लागल्या. आपा हिबाकडे वळल्या.

"बंद कर हे!"

"का, फुफी? खोटं आहे?" हिबानं विचारलं.

"मी मारलं म्हणून या पोरी शिकल्या! माझंही रेकॉर्ड कर. आत्ताच्या आत्ता."

"करते. पण इथे फक्त कोकणी चालते."

हिबानं माइक पुढे धरला. आपांनी घसा साफ केला. "मी तुमाला..." पुढचा शब्द उर्दू आला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा उर्दूच. आई हे कसं म्हणाली असती? काही केल्या आठवेना. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता. हिबाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं आणि आपांनी माइकला फटका मारला.

"पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!"

"नाही दाखवणार. पण महेकचा आवाज काढणारही नाही."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन सांगितलं, हिबानं एक नवा स्पीकर टांगलाय, त्यातून आपांचं अडखळणं ऐकू येतंय. विचारलंसुद्धा नव्हतं पोरीनं. आपांनी स्वयंपाकघरातली कात्री उचलली, भर गर्दीत जमातखान्यात शिरल्या, खुर्चीवर चढल्या आणि ती वायर कापली. त्यांना अडवायला कुणी आलं नाही, खुर्ची धरायलाही नाही.

दुपारी हिबानं वायर पुन्हा जोडली. समेटासाठी अय्यूबनं दोघींना जेवायला बोलावलं. हिबा आली नाही. आपा आल्या, पण ती नाही हे बघून उंबऱ्यावरूनच परत फिरल्या.