टायरवर उभा राहणारा माणूस

रफीकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा आमचे हे अंगणात त्यांचीच वाट बघत बसले होते. जीपचं मागचं चाक काढून न्हाणीजवळ आडवं टाकलेलं, शेजारी साबणाच्या पाण्याची बादली, टायर उचकटायच्या दोन लोखंडी टॉम्या आणि जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे. रफीकभाऊ भाड्याच्या टेम्पोनं आष्टीच्या बाजारात सीताफळं उतरवून येणार होते आणि मग दोघं मिळून ते जुनं टायर काढणार होते. फोन मी घेतला. त्यांचा पुतण्या होता. "चाचा गेले," एवढंच बोलला. बाजारातच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत... मी बाहेर येऊन यांना सांगितलं. हे उठले, बादलीतलं पाणी झाडाला ओतलं आणि चपला घालायला लागले, तर अंगठा काही केल्या चपलेत जाईना. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांना असं सैरभैर झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. आणि ते माझ्यासाठी नव्हतं, हेही त्याच वेळी मनात येऊन गेलं.

मला रफीकभाऊंचा हेवा वाटायचा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कारण मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. आमचे हे घरात कमी बोलतात. कमी म्हणजे किती, तर "हं", "बघू" आणि "मीठ कमी हाय". एखादा पाहुणा चार दिवस राहून गेला तर त्याला वाटावं, हा माणूस कुणावर तरी रुसलाय. पण गेटाची कडी वाजली आणि रफीकभाऊंचं "सुद्या, हाय का बे घरात?" ऐकू आलं की ह्यांच्या तोंडाला पाझर फुटायचा. "माझी सवत आली," असं म्हणून मी चहा टाकायचे. रफीकभाऊंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट ओट्यावरून आवाज द्यायचे, "वहिनी, सवतीच्या कपात साखर जरा जास्त टाका."

दोघांची ओळख दूध संघातली. हे संकलनावर दूध मोजून घ्यायचे, रफीकभाऊ संघाचा टँकर चालवायचे. मग दुष्काळ पडला. गुरं छावणीला गेली, गावोगावचं दूध आटलं, आणि संघाच्या त्याच टँकरमधून गावांना पाणी यायला लागलं. पहिले काही दिवस त्या पाण्याला दुधाचा वास यायचा. बायका हंडा नाकाशी नेऊन हसायच्या, चहाला निम्मं दूध वाचलं म्हणायच्या. रफीकभाऊ आमच्या गल्लीत टँकर लावायचे आणि पाइप सगळ्यांच्या हंड्यांत फिरवून झाल्यावर शेवटी माझ्याकडे वळायचे. "तुमी घरच्या, वहिनी. घरच्यांनी मागं थांबायचं," म्हणायचे. मी फणफणत उभी असायचे, आणि हे घराच्या उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघून हसत असायचे.

त्याच उन्हाळ्यात संघ बंद पडला. ते मला कसं कळलं? स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बाहेर हे रफीकभाऊंना सांगत होते, "उद्यापासून येऊ नका म्हणले. लई दिवसांपासून माहीत होतं, घरात कसं सांगू तेच कळंना." सांगायला मी आत चार हातांवरच होते, तव्यावर भाकरी होती. ती करपली. रफीकभाऊ म्हणाले, "कावून न्हाई सांगितलं बे? ती काय परकी हाय का?" माझी बाजू माझ्या सवतीनं घ्यावी, याचा मला जास्त राग आला. रात्री जेवताना हे "भाजी बरी झालीय" म्हणाले. मी "हं" म्हणाले.

संघाची जीप लिलावात निघाली, ती दोघांनी भागीत घेतली. अध्यक्ष हौशी होते, त्यांनी तिला अलॉयची चाकं बसवलेली होती. रफीकभाऊंच्या गल्लीत गाडी उभी करायला जागा नव्हती म्हणून ती आमच्या अंगणात आली, आणि तिच्यामागे रफीकभाऊ कायमचेच आले. हंगामात ते तिच्यातून फळं न्यायचे, एरवी दोघं तिच्याखाली नाहीतर तिच्या चाकांशी. गावातल्या पंक्चरवाल्यानं एकदा घण घालून अलॉयच्या रिंगेचा टवका उडवला होता, तेव्हापासून टायर घरीच काढायचं असा त्यांचा नेम झाला. वर्षानुवर्षं रिंगेला चिकटून बसलेलं टायर काढणं हे एकट्याचं काम नाही, एवढं मला बघून बघून कळलं होतं. आधी हवा सोडायची, कडेनं साबणाचं पाणी फिरवायचं, टायरवर जॅक ठेवून तो जीपच्या बुडाला लावायचा आणि तिच्या वजनानं टायरची कड रिंगेपासून सोडवायची. मग एकानं समोरच्या बाजूला टायरवर उभं राहून तिकडची कड रिंगेच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. तेव्हाच इकडून दुसऱ्याच्या टॉमीनं कड वर निघते. रिंगेला चरा पडू नये म्हणून टॉमीखाली ट्यूबचा तुकडा. उभे राहणारे कायम रफीकभाऊ, अनवाणी, जीपच्या दाराला धरून. अंगानं चांगले भरलेले होते, तरी एका टायरला दोघांना अर्धा दिवस लागायचा. आणि तेवढा वेळ बोलणं. "डावीकडं सरक बे." "सरकलो बे, बोल पुढं." आमच्या पोरीच्या स्थळाचं, ह्यांच्या गुडघ्याच्या दुखण्याचं, थोरल्या भावाशी झालेल्या भांडणाचं... माझ्या घरातलं सगळं मला त्या खिडकीतून कळायचं.

एकदा रफीकभाऊ लग्नाला उमापूरला गेले होते आणि टायर अर्धवट राहिलं होतं. मी म्हटलं, मी उभी राहते. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांची दाढी करून देते म्हणाले. "तुझ्यानं न्हाई व्हायचं. रफीक येऊ दे." टायर तसंच पडून राहिलं, आणि मी दोन दिवस तणतण करत त्याला वळसा घालून धुणं वाळत घातलं.

रफीकभाऊंच्या चाळिसाव्याला, म्हणजे ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, आम्ही दोघं गेलो. बायकांत मी त्यांच्या बायकोजवळ, शमीमजवळ बसले होते. ती आणि मी कधी फारसं बोललेलो नव्हतो. ती हळूच म्हणाली, "भाभी, एक सांगू का? मला तुमच्या अंगणाचा लई राग यायचा. आमच्यात जेवायपुरते बसायचे. काही इचारलं की म्हणायचे, सुद्याशी बोलून आलो. एका टायरला अर्धा दिवस लागतो व्हय?" मी तिचा हात धरून बसले.

हे मात्र घरी आल्यावर "हं" आणि "बघू"सुद्धा विसरले. चाक न्हाणीजवळ तसंच, जीप दगडांवर. परवा सकाळी मी भांडी घासत असताना हे एकाएकी उठले, बादलीत साबण कालवला आणि एकट्यानंच टॉमी घालून बघायला लागले. इकडून कड उचलावी तर तिकडची वर यायची. तीनदा टॉमी निसटली. मी हात पुसले, चपला काढल्या आणि समोर जाऊन टायरवर उभी राहिले. विचारलं नाही. ह्यांनीही मान वर केली नाही. पाय घसरत होते, मी जीपच्या दाराला धरलं. थोड्या वेळानं हे खाली बघतच बोलायला लागले. "त्या दिवशी म्या बाजारात संगं जायला पायजे होतं... गेलो असतो तर... न्हाईतर दर खेपेला जातच होतो की."

"डावीकडं सरक बे," हे म्हणाले.

आणि त्यांचा हात थांबला. तो 'बे' कुणाचा होता ते दोघांनाही माहीत होतं. इतकी वर्षं मला तो हवा होता, आणि मिळाला तोही दुसऱ्याचा.

मी डावीकडे सरकले. "सरकले बे," म्हटलं, "बोला पुढं."

हे बोलत राहिले. ऊन अंगणात आलं, भांड्यांवरची राख वाळून गेली. रफीकभाऊंसारख्या भरलेल्या माणसाला एका टायरपायी अर्धा दिवस का लागायचा, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. टायर त्या दिवशी निघालं नाही. मी फार जोर देऊन उभी नव्हते.