राघोमामांची एकेरी लाईन

राघोमामा कुणाच्या घरात गुपचूप शिरले असं कधी झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी आले की दोन बोटं जिभेखाली घालून अशी शिटी द्यायचे की शेवग्यावरचे कावळे उडायचे. मग पुकारा व्हायचा, "दहिवलीऽऽ, दहिवली! उतरनाऱ्यांनी उतरून घ्या, पोरंबाळं सांभाळा!" एवढं करून दारात उभे. आतून शिटीचा जबाब आल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. मला शिटी येत नाही. मी आपली "या हो मामा" म्हणायचे. "ताई, ही काय शिटी झाली? ही तर शेळी वरडली!" असं म्हणायचे आणि स्वतःच इतके हसायचे की शेवटी पोट धरून उंबऱ्यावर बसायचे.

मामा कर्जत स्टेशनात पॉइंट्समन होते. रूळ बदलायचे, झेंड्या दाखवायच्या, घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिनं जोडायची, हे त्यांचं काम. बुटके, काळेसावळे, डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही. आम्ही उदगीरकडचे. माझ्या लेकीच्या, सुमीच्या वडिलांना खोपोलीच्या कारखान्यात काम लागलं म्हणून दहिवलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी चौथीत शाळा सोडलेली, मुलुख परका, माणसं परकी. शेजार मिळाला तो मामांचा. देव कुठे भेटतो ते मला माहीत नाही, पण शेजार मात्र भेटला.

सुमी साडेचार वर्षांची असताना तिला ताप आला तो उतरेना. पायांवर निळे डाग उठले. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे. पुढचं मला काही ऐकूच येईना. त्यांनी टेबलावर टकटक केलं. "बाई, नंतर रडा, आधी ऐका. लहान मुलं यातून बरी होतात. सगळी नाही, पण होतात. तीन वर्षं औषध चालेल. औषधाने हिच्या अंगात ताकद राहणार नाही, साधी सर्दीसुद्धा हिला घेऊन जाईल. गोवर-कांजिण्या तर दारातही नकोत. घरात गर्दी करायची नाही." मी हो हो म्हणाले.

आणि घरी येऊन काय केलं? आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत. तसं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणंच. पहिल्याच रविवारी अकरा बाया आल्या. प्रत्येकीच्या हातात बिस्किटांचा पुडा. प्रत्येकीने सुमीवरून कडाकडा बोटं मोडली, मुके घेतले. एक जण शिंकत होती, तिला मी आल्याचा चहा करून दिला. गुरुवारी सुमी तापाने फणफणली. तेवीस दिवस आम्ही इस्पितळात काढले, आणि त्यातले चार दिवस डॉक्टर माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघत होते.

परत आलो तेव्हा मामांनी विचारलं, "डागदर नक्की काय बोलला व्हता?" मी सगळं सांगितलं. मामा हसले नाहीत. म्हणाले, "ताई, येकेरी लाईनीवर येका टायमाला अकरा गाड्या सोडल्यास तू?"

कर्जतहून खोपोलीला जाणारा रूळ एकेरी. त्यावर स्टेशनातून मिळालेला, वेताच्या रिंगणात बांधलेला लोखंडी गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, असं मामांनी मला समजावलं. गोळा एक, म्हणून रुळावर गाडी एक. "गोळा नाय, तर साहेबाची गाडी आसली तरी हुबी!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुटक्या टोपलीचा वेत वाकवून रिंगण केलं, त्याला चिंधीत गुंडाळून एक जुना भोवरा बांधला आणि आमच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलं. शेवग्याखाली बाकडं टाकलं. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची बादली आणि साबण. सुमीला खिडकीत बसवून हातात दोन झेंड्या दिल्या. हिरवी माझ्या खणाची, लाल मामींच्या जुन्या परकराची. "आजपासनं तू मास्तर. तू झेंडी दावशील तरच गाडी आत. मी आलो तरी सोडायचं नाय."

सुमीला तर हेच पाहिजे होतं.

"खोकला?" ती खिडकीतून विचारायची.

"नाय गं बाय."

"शेंबूड?"

"नाय."

"घरात कुणाला पुरळ?"

"कुणाला नाय."

"नाक दाखवा!"

आमच्या गल्लीचा पोस्टमन, पिकल्या मिशांचा माणूस, पण तोही खिडकीखाली आभाळाकडे नाक करून उभा राहायचा. मग हिरवी झेंडी. हात धुवायचे, रिंगण खांद्याला अडकवायचं आणि आत. तो बाहेर येऊन रिंगण खिळ्याला लावेपर्यंत बाकीचे बाकड्यावर. त्या बाकड्यावर इतक्या गप्पा रंगायच्या की नंबर आला तरी कुणी उठेना. "तुमी जा वैनी पुढं, मला घाई नाय." दोन सोयरिकी तिथे जुळल्या. आणि कुणाचंही मन न मोडता गर्दी दाराबाहेर राहिली, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. मी ज्यांना नाही म्हणू शकत नव्हते, त्यांना माझी चिमुरडी परकराचं फडकं दाखवून थांबवत होती आणि ते खूश होते.

सासूबाई उदगीरहून आल्या त्या दिवशी मात्र पंचाईत झाली. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या, आणि आत गोळा घेऊन घरमालकीणबाई बसलेल्या. दारात मामा.

"आजी, लाईन बिजी हाय. जरा बाकड्यावर टेका."

"माझ्या नातीला बघायला मला कामून अडवायलाव? कोण हाव तुम्ही?"

"आमी राघो. शेजारी. छप्पन सालापासनं बौद्ध. त्याच्या आधी काय व्हतो ते तुमाला ठावं असंल." मामा हसतच होते. "आमचे बापजादे लोकांच्या दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या हुबे राहिले, आजी. तवा बाकडं बी नव्हतं. तुमाला पाचच मिनिटं हायेत, आन बाकडं बी हाय!"

सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटलं, आता ह्या परतीची गाडी धरतात. तेवढ्यात खिडकीतून आरोळी आली, "आजी! नाक दाखव!"

सासूबाईंनी क्षणभर मामांकडे बघितलं, क्षणभर नातीकडे, आणि नाक वर केलं. नथीसकट. मामांनी हात धुवायला तांब्याने पाणी घातलं. गावी सासूबाईंनी ते कधी घेतलं नसतं. इथे दोन्ही हात पुढे केले. आठ दिवसांनी बघते तर बाकड्यावर ठाण मांडून त्याच येणाऱ्याजाणाऱ्याला दटावत होत्या, "ऐ बाई, कुठं चाललीस? लाईन बिजी हाय!"

औषधाने सुमीचे केस गेले. तिने उशीवरचा झुपका बघून भोकाड पसरलं, तर मामा आरसा घेऊन हजर. शेजारी डोकं लावून म्हणाले, "माझे गेले तवा कोन रडलं का गं? आन तुझे तर परत येनार. माझं काय? मीच रडतो आता." आणि असं काही रडले, की सुमीलाच त्यांची समजूत घालावी लागली. मग दोघांनी एकाच वाटीतलं तेल एकमेकांच्या टकलावर चोळलं.

सगळ्यात वाईट होती पाठीतली सुई. मणक्यात औषध सोडायचे. पहिल्या वेळी तिघांनी धरलं तरी ती हातात राहीना. मी बाहेर पदराचा बोळा तोंडात घालून उभी. मामांना सांगितलं, तर ते तिला म्हणाले, "सुमे, घाटाची गाडी बघितलीस ना? पुढच्या इंजिनाच्या बापाला बी ती चढवत नाय. मागनं इंजिनं रेटतात तवा चढती. डागदर तुला मागनं इंजिन लावतोय गं! पन नियम काय? पुढच्यानं शिटी द्यायची, मागच्यानं जबाब द्यायचा. मगच गाडी हलवायची."

पुढच्या खेपेला सुमी आपणहून कुशीवर झाली. "कूऽऽ!" डॉक्टरांनी सुई उचलली.

"थांबा! जबाब द्या."

"कसला जबाब?"

"तुम्ही मागचं इंजिन. जबाब नाय तर गाडी नाय."

डॉक्टर कडक माणूस. नर्सबाई छताकडे बघायला लागल्या. मग तोंडावरच्या फडक्याआडून बारीकसं "कू" आलं.

"वरडा की मोठ्यानं!"

आणि असं काही "कूऽऽ" झालं म्हणता, की शेजारच्या खोलीतून कुणाच्या तरी पोराने जबाब दिला, मग पलीकडून आणखी एकाने. मी बाहेर इतकी हसले, की वॉर्डबॉयने स्टूल आणून मला बसवलं आणि पाणी पाजलं. पुढच्या वर्षी त्या मजल्यावर शिटी दिल्याशिवाय एकही सुई टोचली जात नव्हती.

दुसऱ्या वर्षी मामा चार दिवस घाटातल्या ठाकुरवाडीला ड्यूटीवर होते. पाचव्या दिवशी गल्लीत शिटी झाली आणि सुमी खिडकीत नाचायला लागली. तरी नियम तो नियम.

"खोकला?"

"नाय मास्तर."

"अंग गरम?"

मामांनी कपाळाला हात लावून बघितला. "जरा कनकन हाय."

सुमीने हिरवी झेंडी उचललीच होती. पण हात वर गेला तो लाल झेंडीचा. मी धावत बाहेर आले. ज्या माणसाने एवढं केलं त्याला दारात थांबवायचं? "अहो मामा, तुम्ही का पाहुणे आहात! घाटात गारठा लागला असेल. या, चहा टाकते."

त्या एकदाच मामा माझ्यावर ओरडले. "ताई! भिडेखातर सिग्नल पाडायचा नाय! अपघात भिडेनंच व्हतात." मग सुमीला कडक सलाम ठोकला, "शाबास मास्तर! मला आउटरला हुबा केलास!" आणि पाठ न फिरवता, गाडी मागे घेतात तसे छुक् छुक् करत उलटे चालत गेले.

तिसऱ्या दिवशी मामी लांबूनच ओरडून सांगत आल्या. मामांना कांजिण्या! टकलावरसुद्धा! माझ्या त्या एका "या"ने सुमी गेली असती. आणि त्यात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं.

तीन आठवडे मामा दिसले नाहीत. रोज सकाळी सुमी शिटी द्यायची, आता तिला बोटं घालून येत होती, आणि सहा घरं पलीकडून जबाब यायचा. मामी म्हणायच्या, "खाज सुटली की शिटी मारत्यात. रस्त्यानं जानारी मानसं थबकत्यात!"

तीन वर्षं पुरी झाली आणि डॉक्टरांनी औषध थांबवलं. "आता अधूनमधून नुसतं दाखवायला आणा." दाखला घेऊन निघालो, तर बाहेर एक बाई लहानग्याला मांडीवर घेऊन बसलेली, भोवती डझनभर नातेवाईक. सुमी ते रिंगण कुठेही घेऊन जायची. तिने ते काढलं, त्या बाईच्या खांद्याला अडकवलं आणि तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत नियम सांगितले. नाक दाखवण्यासकट.

पुढे कारखान्यातलं काम सुटलं, आम्ही परत उदगीरकडे निघालो. कर्जत स्टेशनात आमच्या गाडीला मागून इंजिनं जोडायला मामाच होते. हात काळे, मिठी मारता येईना. "माझा गोळा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"दिला," सुमी म्हणाली आणि कुणाला ते सांगितलं.

"बराब्बर! गोळा घरी नेनारा ड्रायव्हर मी अजून बघितला नाय."

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यातसुद्धा आत येणाऱ्याकडे शिटी मागायचे, असं मामींनी पत्रात लिहून कळवलं होतं. सुमी दोन लेकरांची आई आहे आणि नवरा शिंकला तर त्याला अंगणातला बाक दाखवते.

आम्ही कर्जत सोडलं त्या दिवशी पुढच्या इंजिनाने शिटी दिली. मागच्याने जबाब दिला. नियमाने तेवढं पुरे होतं. पण रुळांकडेला मामांनी दोन बोटं जिभेखाली घातली, सुमीनेही घातली, आणि आमची गाडी चार शिट्यांवर सुटली. घाट चढून झाल्यावर वर मागची इंजिनं सोडली. डब्यात कुणाला कळलंसुद्धा नाही, लोक डबे उघडून जेवत होते. सुमी तेवढी खिडकीतून अर्धी बाहेर होऊन मागे हिरवा खण हलवत होती, शिट्यांवर शिट्या देत होती. आणि मी, तिला कमरेला घट्ट धरून, शेळीसारखी ओरडत होते.